मिलिंदची तंबाखू आणि माझं आभारप्रदर्शन

माझा एक गाढवपणा सांगतो, पण आमच्या घरी चहाला आलात तर आईपुढं विषय काढू नका. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. शेवगावच्या अलीकडं आमचं गाव, आणि तिथल्याच हायस्कुलात मी विज्ञानाचा मास्तर. गावात विज्ञान म्हटलं की माझंच नाव निघायचं. तेवढ्यात माझा चुलतभाऊ मिलिंद अमेरिकेतून पीएचडी करून आठ दिवसांसाठी गावी आला. "जय भीम, दादा" म्हणत दारात उभा राहिला आणि झालं, माझं दुकान बंद.

एकाच अंगणात वाढलो आम्ही. सायकल त्याला मी शिकवली. आता माझी सख्खी आई त्याच्यासाठी शेंगोळे करायची आणि मला म्हणायची, "सरक तिकडं, त्येला नीट बसू दे." जळायचो हो मी. खोटं कशाला बोलू?

त्याचं काम ऐका. विषाणूंशी लढणारे प्रतिपिंड आपल्या रक्तात तयार होतात ना, तेच ही मंडळी झाडाकडून करून घेत होती. झाडात बाहेरून एक जनुक घालायचं, मग पानात प्रतिपिंड तयार होतात. ते वेगळे काढून, शुद्ध करून पुढं कधीतरी औषध होणार. आणि झाड कुठलं? तंबाखूचं.

इथं माझं जुनं दुखणं सांगायला हवं. आई मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि दिवसातून चारदा दात घासत बसायची. भांडून, रुसून, एकदा तर उपाशी राहून दोन वर्षांनी मी ती सोडवली होती. आईनं माझं ऐकलं असं जन्मात एवढं एकदाच घडलेलं.

शाळेच्या पटांगणात मिलिंदचा सत्कार झाला. तो दहा मिनिटं बोलला, कुणाला काही कळलं नाही, पण टाळ्या अशा पडल्या की विचारू नका. आई पहिल्या रांगेत पदरानं डोळे पुसत होती. मी बीएड झालो तेव्हा ती "बरं झालं" म्हणून भाकरी थापायला बसली होती.

आभार मानायला मी उठलो. म्हटलं, आता याची हवाच काढतो.

"मंडळी, यात एवढं नवल काय? ही तंबाखू आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. विषाणूवरचं औषध ह्याच पानात तयार होतंय. त्यासाठी अमेरिकेला कशाला जायला पाहिजे?"

मिलिंद मागून माझा शर्ट ओढत होता. "दादा, ते झाड वेगळंय. काचघरात असतं. औषध अजून कुणाला दिलेलंसुद्धा नाही."

"गप रे, विज्ञान मी पण शिकवतो," म्हणालो आणि रेटलं पुढं. टाळ्या पडल्या, त्याच्यापेक्षा जास्त. त्या रात्री काय झोप लागली म्हणता.

गावात तेव्हा पडशाची साथ होती. सकाळी उठून बघतो तर ओट्यावर आई, शेजारची पारूमावशी आणि आणखी चार बायका ओळीनं मिश्री लावत बसलेल्या.

"आई, हे काय?"

ती निवांत थुंकली. "पडसं झालंय मला. इषानूवर औषध हाय म्हनला न्हवं तूच काल?"

"अगं, ते झाड वेगळं."

"काल येगळं न्हवतं. रातीतनं येगळं झालं व्हय?"

पारूमावशी म्हणाली, "मास्तर, नातवाला पन लावू का वाईच? शेंबूड लई गळतोय."

पोराला हात लावू नका म्हणून मी मावशीची डबीच हिसकावून घेतली. गावभर फिरलो, पण ऐकतो कोण? "आता शब्द फिरवू नका, सर," म्हणत लोकांनी माझ्यादेखत तंबाखू मळली.

शेवटी मिलिंदकडं गेलो. तो दुपारच्या एसटीनं निघणार होता. "थांबतो दादा, लोकांना गोळा कर," म्हणाला. आता तंबाखू सोडा हे ऐकायला कोण येणार? म्हणून मी त्याचा दुसरा सत्कार जाहीर केला. शाल मी आणली, नारळ मी आणला, घरोघर निरोप मी दिला. आणि लोकांनी त्याचं मनावर घ्यावं म्हणून अर्धा तास त्याचं तोंड भरून कौतुक, तेही मीच केलं.

मिलिंद एवढंच म्हणाला, "मी इतकी वर्षं त्या तंबाखूवर काम करतोय, पण तिचं एक पान कधी तोंडात घातलं नाही. तुमच्या डबीतल्या तंबाखूत औषध नाही, त्यानं कॅन्सर होतो."

आई उठली, पुढं आली आणि मिश्रीची डबी त्याच्या हातात दिली. "तू म्हनतो ना बाळा, मग आजपासनं बंद."

"आई, मी दोन वर्षं हेच सांगत होतो की," मी म्हटलं.

"तू सांगायचा रं. पन तुला कुठं त्यातलं कळतंय?"

अख्खं पटांगण हसलं. मिलिंदनं बिचाऱ्यानं मान खाली घातली. आणि सूत्रसंचालन माझ्याकडं असल्यामुळं पुढचं वाक्य मलाच म्हणावं लागलं, "माझ्या आईची मिश्री सोडवल्याबद्दल डॉक्टर मिलिंद यांच्यासाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."