सतरा हजार फुटांवरची मादी

संग्रहालयाच्या तळघरात आठ नंबरची खोली आहे. तिथे एक बाई एकतीस वर्षं कोळी बघत बसली. वरच्या मजल्यावरची मंडळी तिला 'जळमटबाई' म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा फारसा रागही येत नसे. हुद्द्याने ती चित्रकार. शास्त्रज्ञ लोक रानावनातून, डोंगरांवरून बाटल्या भरून कोळी आणत. ही ते सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांची चित्रं काढी. नराच्या तोंडाजवळचे ते दोन बोथट हात आणि मादीच्या पोटाखालची कडक तबकडी, हे दोन अवयव सगळ्यात महत्त्वाचे. जात ओळखायची ती त्यांच्यावरून. बाकी काय, कोळी कोळ्यासारखाच दिसतो. अशा चव्वेचाळीस नव्या जाती तिच्या हातांतून जगापुढे गेल्या होत्या. प्रत्येक लेखाच्या शेवटी, आभाराच्या ओळीत, तिचं नाव. दोनदा तेही चुकीचं छापलेलं.

पंचेचाळिसावी जात मात्र तिची स्वतःची होती.

ती आणली तिच्या धाकट्या भावाने. हा धाकटा हिमनदीवर बर्फ मोजणाऱ्या तुकडीत होता. बर्फात खांब रोवायचे, वर्षाने परत जाऊन बर्फ किती उतरला ते लिहून आणायचं, असं त्याचं काम. निघताना बहीण त्याच्या खिशात स्पिरिट भरलेल्या चार नळ्या कोंबायची. "दगड उलटलास तर बघ रे, खाली काही पळतंय का." तो बापडा आणायचा, पण बहुतेक वेळा नळीत शेवाळ निघायचं. एका वर्षी मात्र त्याने सतरा हजार फुटांवरून एक नर आणला. तांदळाच्या दाण्याएवढा, काळपट, पायांवर राखी केस. तिने तो काचेखाली धरला आणि ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली. असले हात तिने आजवर कोणत्याच कोळ्याचे काढले नव्हते.

पुढच्या वर्षी धाकटा मुद्दाम मादी शोधायला एक दिवस वर जास्त राहिला. मादी मिळाली, एका सपाट शिळेखाली. पण त्या दिवशी वादळाने गाठलं, आणि खाली येईपर्यंत त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली. ती काढावी लागली. डोंगर सुटला. आता तो गोदामात बसून तंबू आणि दोर मोजायचा.

"त्या बाईपायी दोन बोटं घालवली," तो त्या मादीबद्दल म्हणायचा. "बायकोसाठीसुद्धा एवढं केलं नव्हतं."

"चला, कबूल तरी केलंत," भावजय आतून म्हणायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती सगळी उतरणच ढासळली. तुकडीने येऊन धाकट्याला सांगितलं, तुझी शिळा आता कुठे तरी ढिगाऱ्याखाली असेल. म्हणजे नर एक, मादी एक. संपलं.

दीड वर्ष खपून बाईने वर्णन लिहिलं. कुठल्या पायावर किती काटे, कोणता डोळा कोणत्या डोळ्यापासून किती अंतरावर, सगळं. लेख शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला. उत्तर आलं: काम चोख आहे, जात नवी आहे यात शंका नाही, फक्त मादीच्या तबकडीची आतली बाजूही काढून पाठवा. मुदत सहा आठवडे. बाईच्या निवृत्तीला उरले होते चार महिने.

आतली बाजू बघायची तर तबकडी पोटापासून कापून काढावी लागते, तिला चिकटलेलं मांस औषधाने विरघळवावं लागतं आणि मग ती उलटी करून बघायची. बाईने हे शेकडो वेळा केलं होतं. त्या सोमवारीही सकाळी अकराला तबकडी सुटी झाली, साडेबाराला स्वच्छ झाली. वाटीतच तिने एकदा बघून घेतली. आत दोन नळ्या, गुंडाळलेल्या. किती वेढे? दीड की अडीच? वाटीत ती तिरपी पडली होती, नीट कळेना. काचपट्टीवर घेऊन सरळ करू, म्हणून तिने बारीक चिमट्याने ती उचलली. चिमटा जरासा जास्त दाबला गेला, आणि चिमट्याच्या टोकाला काहीच उरलं नाही.

आवाज नाही, काही नाही. होती आणि नाही.

ती जागची हलली नाही. श्वाससुद्धा हळू घेतला. मोहरीच्या दाण्याचे चार भाग केले तर त्यातला एक, एवढा तो तुकडा. आधी वाटी पाहिली. मग काचपट्टी, टेबल, बाह्या, मांडी. चपला पायातून सोडल्या आणि त्यांचे तळ सूक्ष्मदर्शकाखाली धरले. केस विंचरून कागदावर झटकले. काही नाही.

तीन वाजता सफाईवाल्या मावशी झाडू घेऊन दारात आल्या.

"आत येऊ नका!" बाई ओरडली. एकतीस वर्षांत ती कुणावर ओरडली नव्हती. "मावशी, पाया पडते, झाडू लावू नका."

"काय हरवलं? कानातलं?"

"कोळ्याच्या पोटाचा तुकडा."

मावशींनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि त्या हसल्या नाहीत. झाडू बाहेर टेकवला, चपला काढल्या आणि उंबऱ्यातच बसल्या. "केवढा? कसल्या रंगाचा?"

दुसऱ्या दिवशी बाईने दोरा ताणून फरशीचे चौकोन आखले. एकेक चौकोन ओल्या कुंचल्याने टिपायचा, धूळ वाटीत घ्यायची, वाटी काचेखाली. मावशी आपलं काम उरकून दुपारी येत आणि वाट्या धुऊन देत. धुळीत काय काय निघालं! विटेचे कण, टिकलीची चमक, झुरळाचं नख, कुठल्या जुन्या स्वेटरची लोकर. एकदा तांबूस, अर्धगोल असं काही तरी दिसलं आणि बाईने मावशींना हाक मारली. पेन्सिलीचा तासलेला कपचा. तीन दिवसांत दोनशे सोळा वाट्या झाल्या. गुडघे सुजले. शेवटचा चौकोन कपाटाखालचा होता. तोही संपला तेव्हा ती फरशीवरच भिंतीला टेकून बसली आणि मावशींसमोर ढसाढसा रडली. मावशी म्हणाल्या, "परत एकदा बघू या का पहिल्यापासून?" तिने मान हलवली. आता बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शुक्रवारी तिने विभागप्रमुखांना सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी दार लावून घेतलं, तिला बसवलं, पाणी दिलं.

"बाई, तुम्ही ती पाहिलीत ना?"

"मिनिटभर. तिरपी."

"मग काढा की. जवळच्या जातींची चित्रं समोर घ्या, थोडं इकडे तिकडे करा. तुमच्या हाताला कोण नाही म्हणणार? आणि सतरा हजार फुटांवर तपासायला कोण चढतंय?"

"पण वेढे दीड की अडीच, ते मला माहीत नाही."

"दोन काढा," ते म्हणाले. त्यांनी ते चेष्टेत म्हटलं नव्हतं. "चार महिन्यांनी तुमचं टेबल दुसऱ्याला जाणार. मग हे राहिलं ते राहिलंच."

आठवडाभर ती स्वतःशी भांडली. आणि मग तिने ते चित्र काढलं. होय, काढलं. दोन वेढे. ठिपक्या ठिपक्यांनी छाया दिली, नळीच्या काठावर उजेडाची बारीक रेघ सोडली. इतकं सुंदर चित्र तिच्या हातून आजवर उतरलं नव्हतं. विभागप्रमुख म्हणाले, "वा! बघा, जमलं की नाही?" तिने कागद पिशवीत घातला आणि ती थेट भावाकडे गेली. का गेली, तिला सांगता आलं नसतं. शाबासकी हवी होती बहुतेक.

धाकटा अंगणात पाय उन्हात ठेवून बसला होता. त्याने हात पुसले, कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला.

"अशी आहे होय आतून!" तो म्हणाला. त्याचा चेहरा लहानपणी दिसायचा तसा दिसला. "ए, बाहेर ये, बघ तरी माझ्या बाईची नक्षी! ताई, म्हणजे मी ती उचलली तेव्हा हे सगळं तिच्या पोटात होतं?"

आणि मग बाईला राहवेना. "नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे, होतं की नव्हतं मला माहीत नाही. माझ्या हातून ती उडाली, भाऊ. हरवली. हे मी मनाने काढलंय."

त्याने कागद खाली घेतला. भावजय दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"कधी?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस." त्याने कागद तिच्या मांडीवर ठेवला. "मी नळी दातांत धरून उतरलो होतो, ताई. हाताला कळत नव्हतं म्हणून दातांत. आणि तू ती सांडलीस."

तो उठला, लंगडत आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.

त्यानंतर बारा दिवस तो तिच्याशी बोलला नाही. ती फोन करी, भावजय उचले, "बरे आहेत," म्हणे आणि ठेवी. बाई कामावर जात होती, जेवत होती, पण सगळं पाण्याखालून चालल्यासारखं. चित्राचा कागद टेबलावर पडून होता. मुदत संपायला नऊ दिवस उरले तेव्हा तिने तो फाडला, चार तुकडे केले आणि लेखात एक वाक्य घातलं: 'मादीच्या तबकडीची आतली बाजू तयार करताना लेखिकेच्या हातून नमुन्याचा हा भाग हरवला, त्यामुळे नळ्यांच्या वेढ्यांची संख्या निश्चित सांगता येत नाही.' 'लेखिकेच्या हातून' हे शब्द तिने दोनदा खोडले आणि दोनदा पुन्हा लिहिले.

विभागप्रमुखांनी वाचलं. "तुम्ही आपल्या पायावर धोंडा पाडून घेताय," ते म्हणाले, पण त्यांनी अडवलं नाही.

मुदतीच्या दोन दिवस आधी धाकटा स्वतः तळघरात आला. जिने उतरताना त्याला त्रास झाला असावा. दारात उभा राहून धापा टाकत होता. तिने खुर्ची पुढे केली. तो बसला, खोलीवरून नजर फिरवली. फरशीवर अजून कोपऱ्यात दोरा बांधलेला होता.

"इथेच?"

"इथेच."

त्याने तिचा लेख मागून घेतला आणि सावकाश वाचला. ते वाक्य आल्यावर थांबला, पुढे गेला. मग त्याने बोट ठेवलं. "हे काय लिहिलंस? 'हिमनदीच्या काठी, दगडाखाली.' एवढ्यावर कुणाला सापडणार?"

"ती जागा ढासळली ना."

"उतरण ढासळली. वरचा कडा आहे की. तसल्याच शिळा आहेत तिथे, मी पाहिल्यात. लिही." तो तिच्याकडे न बघता सांगू लागला. जुन्या खांबापासून वर किती, ओढा कोणत्या हाताला ठेवायचा, शिळा कशी ओळखायची, सावलीतली नको, दुपारनंतर ऊन येतं ती. दोन हातांनी उलटायची आणि तशीच परत ठेवायची. दीड पान झालं. मध्येच तिने पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "लिही ना," तो म्हणाला. "थांबतेस काय?"

लेख त्या दीड पानासकट छापून आला. नराची चित्रं चार, मादीचं एक, बाहेरून. बाई निवृत्त झाली. आठ नंबरच्या खोलीत आता दुसरं कुणी बसतं. भाऊबहीण भेटतात, बोलतात, पण त्या सोमवारबद्दल नाही. तीन वर्षं झाली. वर त्या कड्यावर कुणी गेल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.