भागूबाईचं दुसरं ताट

माझ्या नणंदेला घरात सगळे भागूबाई म्हणतात. तिच्या भावानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, लहानपणी ठेवलेलं नाव, ते पन्नाशी उलटली तरी चिकटून आहे. नाव ठेवण्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. ही बाई गॅस बंद केला की बटणाला पुन्हा हात लावून बघते, दाराबाहेर पडली की परत येऊन बघते आणि वर मला विचारते, "वहिनी, तू पाहिलंस ना?" गरम तेलात काही सोडताना तर इतकी मागे सरकते, की भांडं एका खोलीत आणि ही दुसऱ्या.

आणि हिची नोकरी कुठे, तर टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या कार्यक्रमात. पडद्यावर दिसतो तो शेफ, उंच, हसरा, बोलघेवडा. ही दिसत नाही. ओट्याच्या आडोशाला, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर एका बुटक्या स्टुलावर बसलेली असते. शेफ जे करणार ते हिनं आधीच करून तयार ठेवलेलं असतं. शेफनं कणीक मळली की तास-दीड तास मुरलेला दुसरा गोळा ही खालून वर देते.

त्या कार्यक्रमाचे एप्रन मी शिवते, म्हणून मला आतलं माहीत. कार्यक्रम इतका छान शिकवतो कसा, असं विचारलं की लोक शेफचं कौतुक करतात. मी म्हणते, तो एका घाबरट बाईनं बसवलाय म्हणून. धीट माणसाला शिकवता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपण कुठे अडलो होतो तेच त्याला आठवत नाही. भागूबाईला सगळं आठवतं. सुरी कुठे निसटते, झाकण उघडताना वाफ कुणीकडे येते, कुठल्या क्षणी हात कच खातो. समोरून पाहिलं की डावं-उजवं उलटं होतं, म्हणून तिनं हट्टानं कॅमेरा शेफच्या खांद्यामागे नेला. भांड्याचा आवाज ऐकू यायला हवा म्हणून मध्ये संगीत वाजवू दिलं नाही. बिघडलं तर ते लपवायचं नाही, सावरायचं कसं ते दाखवायचं. आणि गरम काहीही हातात घेण्याआधी शेफनं त्याच्यावर तळहात धरून धग बघायची, दर भागात, न चुकता.

"मला काय कुक्कुलं बाळ समजता का?" शेफ एकदा कुरकुरला.

"तुम्हाला नाही, बघणाऱ्यांना," भागूबाई म्हणाली. घाबरत म्हणाली, पण म्हणाली.

दुसऱ्या भांड्याचा नियमही तिचाच. खालून वर येणारं भांडं पहिल्यासारखं असता कामा नये. पहिलं साधं स्टीलचं असेल, तर दुसरं निळ्या काठाचं. भांडं बदललं म्हणजे मध्ये वेळ गेला, हे बघणाऱ्याला आपसूक कळावं. इतर कार्यक्रमांत दोन्ही भांडी जुळी ठेवतात, जोड दिसू नये म्हणून. भागूबाईला जोड दिसायलाच हवी असते.

या कार्यक्रमाचा सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी नेमका आमच्या घरात निघाला, माझा नवरा. जन्मभर बसडेपोत मेकॅनिक, चहासुद्धा येत नव्हता. निवृत्त झाला, दिवसभर माझ्या पायात पायात करून मला नकोसं करून सोडलं आणि एक दिवस टीव्हीच उचलून स्वयंपाकघरात नेला. शेफ चिरतो तेव्हा हा चिरतो, शेफ ढवळतो तेव्हा हा ढवळतो. साहित्य आधीच्या भागात सांगितलेलं असतं, ते हा सकाळीच मांडून ठेवतो. फोन आवाज बंद करून बाहेरच्या खोलीत. का, तर म्हणे वर्गात फोन चालत नाही. 'आमच्याबरोबर करा' असं कार्यक्रमाच्या सुरुवातीला येतं. ते इतकं मनावर घेतलेला माणूस दुसरा नसेल.

त्या दिवशीच्या भागात साखर ओढायची होती. साखरेचा घट्ट पाक करायचा, तांबूस झाला की तेल लावलेल्या ताटात ओतायचा, हाताला सोसेल इतका निवू द्यायचा आणि मग दोन्ही हातांनी ओढून ओढून त्याची चकचकीत दोरी करायची. मी नवे एप्रन द्यायला स्टुडिओत गेले होते. भागूबाईबरोबर कँटीनमध्ये चहा घेत होते आणि भिंतीवरच्या टीव्हीवर तोच भाग लागला होता. शूटिंग मागेच झालेलं. शेफनं पाक ताटात ओतला, वाफ उठली आणि जाहिराती सुरू झाल्या.

शेजारच्या टेबलावर नवा एडिटर बसला होता. तो आपणहून म्हणाला, "आता बघा, काय मस्त पळवलाय मी भाग. ते थांबणं काढूनच टाकलं. नुसतं ताट काय बघत बसायचं?"

भागूबाईनं कप खाली ठेवला. "मग मध्ये वेळ गेला हे कळणार कसं?"

"कळतच नाही," तो खुशीत म्हणाला. "दोन्ही ताटं एकसारखी होती, त्यामुळे जोड दिसतच नाही."

भागूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. मला आधी काही उमगेना. मग तिनं अडखळत सांगितलं. शूटिंगच्या दिवशी निळ्या काठाच्या ताटाला पोचा पडला होता, ते ओट्यावर डुगडुगत होतं. म्हणून तिनं पहिल्याच्या जोडीचं स्टीलचं ताट घेतलं. शेफ थांबलेला दिसणारच आहे, एक दिवस चालून जाईल, असं तिला वाटलं. तळहात धरून धग बघणंही त्या थांबण्यातच होतं, तेही कात्रीत गेलं. आता जाहिराती संपल्या की शेफ नुकत्याच ओतलेल्या पाकात दोन्ही हात घालताना दिसणार होता, तेही हसत हसत.

"वहिनी," ती म्हणाली, "दादा."

उकळतं पाणी अंगावर पडलं तर निदान ओघळून जातं. पाक चिकटतो, झटकला तरी सुटत नाही. मी घरी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत तेच. शेजारणीला लावला, तर ती कुठल्याशा लग्नाला गेलेली.

भागूबाई तोवर उठून पळाली होती. तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिच्या मागोमाग मीही धावले. प्रक्षेपणाच्या खोलीत एकटाच माणूस ड्यूटीवर होता. ती त्याच्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"खाली पट्टी फिरवा. पाक निवेपर्यंत हात लावू नका, एवढंच लिहा."

"बाई, मला तो अधिकार नाही."

"ज्यांना आहे त्यांना फोन लावा. मी इथून हलणार नाही."

त्यानं लावला. पलीकडचा माणूस काय, कोण, कशाला विचारत बसला आणि आमच्या डोळ्यांसमोर जाहिराती संपल्या. शेफचे दोन्ही हात ताटात गेले. खरंच, जोड कुठेच दिसत नव्हती. पट्टी आली तेव्हा दोरी ओढून तयारही झाली होती.

टॅक्सीत मी तिला बोलू नये ते बोलले. "एवढी सतरा वेळा गॅसचं बटण बघणारी तू, आणि एक ताट तुला धड बघता आलं नाही?" ती दोन्ही तळवे गुडघ्यांमध्ये दाबून बसली होती. मी सारखी फोन लावत होते आणि प्रत्येक वेळी तो वाजून वाजून बंद पडत होता. मला त्याचे हात दिसत होते, नखांतलं काळं तेल निवृत्तीनंतरही न गेलेले. बायकोच्या हातात कधी हात न देणारा माणूस, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या हातांसाठी रडत होते.

जिन्यातच जळक्या साखरेचा वास आला. दार उघडून आत शिरलो, तर स्वयंपाकघरात टीव्ही बंद, ओट्यावर ताट आणि हा स्टुलावर मांडीत हात ठेवून बसलेला.

"हात दाखव," भागूबाई किंचाळलीच.

त्यानं दाखवले. उलटे-सुलटे करून दाखवले. कुठे लाल ठिपकासुद्धा नव्हता. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच जमिनीवर बसले.

हा मात्र तापलेला होता. "तुमच्या त्या शेफला वेड लागलंय का? आत्ता ओतलेल्या पाकात हात घालतो?"

"आत्ताच ओतलेला, हे तुला कसं कळलं?" भागूबाईनं विचारलं.

"ताट तेच होतं ना. निळा काठ आला नाही, म्हणजे वेळ गेला नाही. मला वाटलं, हा काहीतरी जादू करतोय. मी आपला तळहात धरून बघितला. भट्टी होती नुसती. मग टीव्हीच बंद केला."

मला रडता रडता हसू फुटलं. मी नणंदेला म्हटलं, "बघ. तुझ्याच शिकवणीनं वाचवलं त्याला."

ती हसली नाही. "दादा, निळ्या काठाचं तुला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? इतके भाग बघतोय. बघून बघून कळतं."

"आणि ज्यांनी आज पहिल्यांदाच लावला असेल, त्यांना?"

भागूबाईनं स्टुडिओत फोन लावला, कुणाची तक्रार आली का म्हणून विचारलं. अजून तरी नाही, असं तिकडून म्हणाले. तिनं फोन ठेवला आणि स्वतःशीच म्हणाली, "अजून तरी."

मग ती ओट्यापाशी गेली. ताटातला पाक काचेसारखा कडक झाला होता. तिनं त्याच्यावर तळहात धरला. ताट केव्हाच गार पडलं होतं, तरी तिनं बराच वेळ हात टेकवला नाही.