एकशेदहा व्होल्टचा संसार

आमच्या जुन्या टीममधले कुणीही दोघं भेटले की आधी मुलांची चौकशी होते, मग गुडघ्यांची, आणि मग कुणीतरी म्हणतं, "तो डबा आठवतो का गं?" झालं. किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. माळ्यावर रिकामी खोकी साठतात तसे ते साठतात, आणि एक काढायला गेलं की चार अंगावर येतात.

डबा म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आपल्या घरात वीज येते दोनशेतीस व्होल्टची, अमेरिकेत एकशेदहाची. त्यामुळे इकडचं यंत्र तिकडे चालवायचं किंवा तिकडचं इकडे, तर मध्ये हा लोखंडी डबा लागतो. आयटीच्या त्या पहिल्या भरात आमची पुण्यातली सगळी टीमच अमेरिकेला निघाली होती. सगळे इंजिनिअर. तरी या डब्याने एकालाही सोडलं नाही!

*

डबा मुळात समीरचा. म्हणजे समीरच्या आईचा. काकू टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमधून, परगावचे कॉल जोडून देता देता, रिटायर झालेल्या. शनिवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये त्या आणि समीर, दोघंच. तो निघाला तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. मिक्सर न्यायचा, आणि दर रविवारी सकाळी एक तास फोन करायचा.

"आयुष्यभर लोकांना 'तीन मिनिटं झाली' असं सांगत आले," काकू म्हणाल्या. "आता मला कुणी सांगायचं नाही. चांगला तासभर बोलायचं."

मिक्सरसाठी बुधवार पेठेतून डबा करून घेतला. तो मिक्सरपेक्षा जड निघाला. विमानतळावर अर्थातच बॅग उघडायला लावली. ऑफिसरने डबा दोन्ही हातांनी उचलला, समीरचं सगळं स्पष्टीकरण शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अहो, पण अमेरिकेत मिक्सर मिळत नाहीत का?"

"मिळतात," समीर म्हणाला. "फक्त आईला सांगू नका."

*

तिकडे आम्ही सगळे एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहायचो. समीर चटणी वाटून खाणाऱ्यातला नव्हता, त्याचं पिझ्झ्यावर छान चाललं होतं. पण आमच्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे पुण्यातल्या रविवारी सकाळी, फोनवर काकूंची फर्माईश ठरलेली. "मिक्सर लाव बघू. ऐकू दे मला."

समीर फोन ओट्यावर ठेवायचा, डबा चालू करायचा आणि मिक्सर घर्रर्र करून फिरवायचा. एकदा मी तिथेच सोफ्यावर बसले होते. फोन स्पीकरवर होता. काकूंनी जरा वेळ ऐकलं.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "रिकामा फिरवतोयस. भांड्यात काहीतरी घाल आणि मग लाव."

समीर त्याच आठवड्यात खोबरं घेऊन आला.

*

आमचे टीम लीड जोगळेकर. दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायचा पगार घ्यायचे, आणि घरीही ते काम फुकट करायचे. प्रोजेक्ट संपवून परतताना त्यांनी एक कॉफी मशीन आणलं. माझ्याकडे तो डबा होता, कारण समीर तिकडेच राहिला आणि मी पुण्याला परत निघाले तेव्हा त्याने तो माझ्या गळ्यात मारला होता. मी म्हटलं, "डबा नेताय का?"

"कशाला?" जोगळेकर म्हणाले. "पिन बदलायचा अ‍ॅडाप्टर आणलाय मी. पिन बसली म्हणजे प्रश्न मिटला."

पिन बसली. मशीनने आयुष्यात कधी केली नसेल इतक्या वेगाने कॉफी उकळली, एक निळी ठिणगी सोडली आणि शांत झालं. जोगळेकरांनी घोट घेऊन बायकोला सांगितलं, "बघ, इतकी झटपट कॉफी आपल्याकडे कधी झाली नव्हती."

"आणि यापुढे होणारही नाही," वहिनी म्हणाल्या.

*

मग डबा पायगुडेकडे गेला. त्याचं गाव तेव्हा नुकतंच महापालिकेत आलं होतं. वडील, म्हणजे आबा, अजूनही मार्केट यार्डात भाजी पाठवायचे. पायगुडेने आणला होता पाव भाजायचा ओव्हन. आबा डब्याभोवती एक चक्कर मारून आले.

"पाव भाजायला एवढं लोखंड? तव्याला काय झालंय?"

"आबा, हा डबा व्होल्टेज कमी करतो."

आबांनी मान डोलावली. पायगुडेने बटण दाबलं आणि नेमके लोडशेडिंगमुळे दिवे गेले. पंखा थांबला, टीव्ही बंद पडला, शेजारची मोटार गप्प झाली. आबा डब्याकडे बघत राहिले.

"आता लईच कमी केलं की रं त्यानं," ते म्हणाले.

*

समीरचं तिकडे लग्न झालं, मुलगी झाली. रविवारचा फोन त्याने कधी चुकवला नाही, हे खरं. पण तास आता काटेकोर झाला होता. साठ मिनिटं भरली की तिकडून यायचं, "आई, तास झाला हं, ठेवतो." काकू मला एकदा म्हणाल्या, "आता समीर एक्स्चेंजमध्ये लागलाय." हसत म्हणाल्या, पण मला फार वाईट वाटलं.

पुढे काकूंना घड्याळाचे काटे नीट दिसेनात, म्हणून मी कामासाठी तिकडे गेले होते तेव्हा समीरने माझ्याबरोबर मोठ्या लाल आकड्यांचं घड्याळ पाठवलं. मी पायगुडेकडून डबा परत आणला, घड्याळ लावून दिलं. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अगं, हे मागे पडतंय. तासाला दहा मिनिटं."

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये आम्ही सगळी डोकी त्यावर लावली. पायगुडेचं मत पडलं की डबा दमलाय. शेवटी उलगडा झाला तो असा. डबा व्होल्टेज बदलतो, पण विजेचे ठोके बदलत नाही. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ ठोके देते, आपल्याकडे पन्नास. आणि हे घड्याळ ठोके मोजून चालतं. आपली साठ मिनिटं होतात तेव्हा त्याची पन्नासच होतात!

मला इतका आनंद झाला की मी सगळ्या टीमला मेल टाकली, समीरलासुद्धा. त्याचं उत्तर आलं, "कमाल आहे. आईला दुसरं घेऊन दे."

*

म्हणून पुढच्या रविवारी मी नवं घड्याळ पिशवीत घालून काकूंकडे गेले. समीरचा फोन चालू होता, स्पीकरवर. काकूंनी मला हातानेच बस म्हणून खुणावलं. समोर टेबलावर डबा गुणगुणत होता आणि त्याच्यावर ते लाल आकडे. भिंतीवरचं जुनं घड्याळ दिसलं नाही. त्याचा खिळा तेवढा होता.

काकू त्याला शेजारच्या लग्नातल्या पंगतीचं सांगत होत्या. अजून भातावर यायच्या होत्या.

"आई," समीर म्हणाला, "तास झाला हं."

काकूंनी लाल आकड्यांकडे पाहिलं.

"नाही रे. अजून दहा मिनिटं आहेत. तुझ्याच घड्याळात बघतेय."

मी पिशवीचे बंद घट्ट धरून बसले होते.

"हो का?" समीर म्हणाला. "मग आहेत की. बोल, भाताचं काय झालं?"