आत्याबाईंचं बोट

परतूरहून निरोप आला तेव्हा मला आधी खरंच वाटलं नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, घर दुसऱ्यांच्या भरवशावर टाकून कायमच्या निघून जातील, हेच पटेना...

स्वभावच संशयी. दूधवाल्याचं माप, सोनाराचा काटा, माझ्या माहेरून आलेला लाडवांचा डबा, सगळ्यांवर त्यांचा डोळा. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षी मी लग्न होऊन त्या घरात गेले. श्रावणात संध्याकाळी मामंजी, माझे सासरे, पोथी वाचायचे. शेजारच्या बायका ऐकायला जमायच्या आणि आत्याबाई सुपात ज्वारी निवडत बसायच्या. एकदा सूप अर्धंच निवडून झालं आणि अध्याय संपला. त्यांनी मला चुलीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "तुझे मामंजी ओव्या गाळून राह्यले. भूक लागली की गाळतेत. तू शिकलेली हायेस, मला अक्षरं शिकव."

मी सुपातल्या ज्वारीत बोटानं अक्षरं काढून दाखवू लागले. तिथंही संशय होताच. मी सकाळी शिकवलेलं अक्षर दुपारी शेजारच्या मारवाड्यांच्या सुनेकडून तपासून घ्यायच्या. मला राग यायचा, पण दोघींकडून घोटलेलं अक्षर पक्कं बसायचं.

पुढच्या श्रावणात त्या मामंजींच्या शेजारीच पाट टाकून बसल्या. मला वाटलं, आता भर पोथीत चोरी पकडणार आणि सगळं माझ्यावर शेकणार. मामंजी वाचत होते. आत्याबाईंनी पानावर बोट ठेवलं आणि ते तिथंच थांबलं. पान एका अध्यायाचं होतं, मामंजी म्हणत होते दुसराच... निजामाच्या राज्यात ते उर्दू शिकलेले. मराठी अक्षर त्यांना येतच नव्हतं. वडिलांकडून ऐकून पाठ झालेली पोथी ते पानं उलटत म्हणायचे. आत्याबाईंच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला असता, तर बायकांसमोर त्यांची इज्जत गेली असती.

आत्याबाईंनी पानं मागं सारली. "वाऱ्यानं उलटलं वाटतं. मी बोट ठेवते, सावकाश वाचा."

पाठ असलेली ओवी आणि तिच्याखालून सरकणारं बोट, असं करत काही वर्षांत मामंजी खरोखर वाचू लागले. घरात कोणी कधी त्याबद्दल बोललं नाही. पुढं माझी लेक नलूही त्याच बोटामागं वाचायला शिकली. मला मात्र अजून संशय आहे. आत्याबाईंना सगळं आधीपासून ठाऊक असावं, ओव्या गाळल्याचा आरोप नुसता निमित्ताला असावा. विचारलं असतं तर त्यांनी उलट मलाच विचारलं असतं, तुला कोणी सांगितलं म्हणून.

परवा आम्ही परतूरला गेलो. मामंजींनी पोथी काढली. ओळींखाली हळदीच्या बोटाचे डाग तसेच होते. दोन ओव्या वाचून ते थांबले, शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघत राहिले. मग त्यांनी नलूला हाक मारली.

"इथं बस, बाई. बोट ठेव. माझ्यावर भरोसा ठेवू नको."

मला रडू आवरलं नाही. नलू पाटावर बसली.