गप्पी माशांची बरणी

एकोणऐंशी-ऐंशीचा सुमार. नाशिकच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. काम बरण्या विसळायचं. नातेवाइकांना मात्र 'संशोधन चालू आहे' असं सांगायचो.

मॅडमनी गप्पी माशांच्या सारख्याच जोड्या तीन ठिकाणी सोडल्या होत्या: हौदात, काचेच्या पेटीत आणि बरणीत. कुठे किती पिल्लं जगतात ते बघायचं होतं. हौदातली वाढत होती. बरणीत मात्र संध्याकाळी मोजलेली पिल्लं सकाळी कमी भरायची. मेलेलं एकही सापडत नसे. पाणी नितळ.

त्याच दिवसांत बायकोला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण, माहेरी इगतपुरीला जायचं ठरलेलं. मीच अडवून धरलं होतं. "पावसाळ्यात तिकडे भिंतींनाही घाम फुटतो," म्हणायचो. खरं कारण माझा डबा. नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या आमच्या दोन खोल्यांत सात माणसं. ती मोरीपाशी अंग चोरून निजायची, आणि अलीकडे बोलेनाशी झाली होती.

पिल्लांना दृष्ट लागतेय, असं ठरवून मी बरणीच्या गळ्यात काळ्या दोऱ्याने बिब्बा बांधला. पडला आमच्या संशोधनाचा उजेड! मॅडमनी तो पाहिला, चष्मा पुसला.

"तो सोडा. आणि इथे बसून बघा."

बसलो. एक पिल्लू काचेच्या कडेने पुढे सरकलं. आई सावकाश वळली. पिल्लू नव्हतं. तिचे कल्ले आधीसारखेच हलत होते.

"भूक लागली असेल," मी म्हणालो.

"खाणं तुम्हीच घालता ना? भरपूर आहे. तिला जागा नाही."

घरी आलो, तर बायको दार आणि कपाट यांच्या फटीत उभी राहून भाजी निवडत होती.

"उद्या सकाळच्या पॅसेंजरने तुला सोडायला येतो," मी म्हणालो.

"आणि तुमचा डबा?"

"बघतो मी." मला चहासुद्धा करता येत नव्हता.

तिने ट्रंक ओढली. कपडे आत घडी करून ठेवलेलेच होते. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही.

इगतपुरीला तिच्या वडिलांच्या दारात निरोप घेताना विचारलं, "परत कधी येशील?"

"तिघांना पाय पसरता येतील एवढी जागा बघा. मग."

"आणि नाही मिळाली तर?" मी हसत म्हणालो.

ती हसली नाही. दोन्ही हात पोटावर धरून माझ्याकडे बघत राहिली.