साडूंची सावकाशी

आमचे साडू चष्म्यांचं दुकान चालवतात. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा नीट बसेपर्यंत तासभर निवांत खटपट करणारा हा माणूस सायकलवर बसला, की त्याच्या अंगात येतं. पुढे पोस्टमन दिसो की शाळकरी पोरगी, मागे टाकल्याशिवाय चैन नाही. रोज तोंडाला फेस येईस्तोवर पायडल मारायचे, आणि सायकल क्लबच्या वार्षिक डोंगरफेरीत अर्ध्या चढावरच ढेपाळायचे. मग दमलेल्यांना गोळा करणारी गाडी त्यांना वर नेई. ‘यंदा गाडीत बसलो तर सायकल विकून टाकीन,’ असं ते जेवताना बोलून गेले आणि मेहुणीनं शब्द पक्का धरला.

त्यांचा रोजचा सराव ऐकून क्लबच्या प्रशिक्षक बाईंनी कपाळाला हात लावला. “रोजच दमता, म्हणून चढावर पायांत काही उरत नाही. आठवड्यातून दोनदा जीव तोडून चढ मारा. बाकी दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश.”

“गप्पा कुणाशी?”

“मी आहे ना!” मेहुणी म्हणाली.

झालं. भाजीची टोपली लावलेली सायकल घेऊन ती सोबत निघाली. नियम एकच : प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर.

“पडदे कुठले घ्यायचे?”

“निळे.”

“निळे काय? वेग कमी करा.”

“अगं, मला निळे पडदे आवडतील!”

“हां, आता कसं!”

तेवढ्यात पोस्टमन घंटी वाजवत पुढे गेला. साडूंच्या पोटऱ्या शिवशिवल्या.

“अहो, खबरदार!”

बिचारे मन मारून राहिले. जोराच्या दिवशी मात्र पाण्याच्या टाकीमागचा चढ असा मारत, की वर पोचल्यावर स्वतःचं नाव सांगता येऊ नये.

डोंगरफेरीला मेहुणी वर जाऊन थांबली. मी गाडीत पाण्याच्या बाटल्या सांभाळत होतो. सुरुवातीला झाडून सगळे साडूंना ओलांडून गेले.

“हे नेहमीचेच ना?” ड्रायव्हर म्हणाला. “त्यांची सीट मोकळी ठेवतो.”

साडू चक्क शीळ घालत चालले होते. चढ उभा झाला तशी पुढची मंडळी एकेक करून गाडीत येऊ लागली. शेवटच्या वळणावर साडू सीटवरून उठले, दातओठ खाऊन सुटले आणि वर पोचले.

तिथं त्यांनी सायकल गवतावर आडवी केली आणि शेजारी स्वतः आडवे झाले.

“अहो, उठा, फोटो काढायचाय!”

“असाच काढ. पण सायकल पूर्ण येऊ दे. घरातलीच आहे ती.”