सेफेरिनाचे दात

आमच्या इताउगुआ गावात लेस विणणाऱ्या बायका घरोघर आहेत, पण सेफेरिनाइतकी बारीक फुलं कुणालाच जमली नाहीत. कात्री तिच्या हाताशी कधी नसे. धागा दाताखाली धरायचा आणि तटकन तोडायचा. सारा जन्म असं केल्याने तिच्या समोरच्या दातांना खाचा पडल्या होत्या.

तिची धाकटी बहीण ब्लासिदा शेजारच्याच घरात राहायची. तरुणपणी तिला क्षय झाला होता. ती ठणठणीत बरी होऊन आली, तरी तेरेरे, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या पाल्याचं पेय, प्यायला बसलं की लोक तिला टाळायचे. पेला एक, नळी एक, आळीपाळीने ओढायची. ब्लासिदाने ओढलं की पुढच्याचं पोट बिघडलेलं असे, नाहीतर त्याला अचानक काम आठवे. सेफेरिना मात्र तिच्या हातून पेला घेऊन नळी न पुसता तोंडाला लावायची. तेव्हापासून दोघी रोज सकाळी आंब्याखाली बसून बर्फाच्या पाण्यातला तेरेरे प्यायच्या.

साठी उलटल्यावर सेफेरिनाने एका सकाळी पेला परत केला.

"नको गं, दात शिवशिवतायत."

दुसऱ्या दिवशीही नको, त्यानंतरही नको. शेवटी ब्लासिदाचा चेहरा उतरला.

"दात काय! तेव्हाही प्रत्येकाला काही ना काही होतच होतं. तुला एवढ्या वर्षांनी झालं होय, ताई?"

"अगं वेडे, डोक्यापर्यंत सणक जाते. साधं पाणीसुद्धा कोमट करून पिते मी."

"मग पी कोमट. एकटीच पी."

ती पुन्हा आंब्याखाली आली नाही. शेजारीण म्हणून मी कुंपणावरून समजूत घालायला गेले, तर म्हणाली, "तू तिचीच बाजू घेणार, माहीत आहे मला."

सेफेरिना दातांच्या डॉक्टरणीकडे गेली. मी सोबत होते.

"आजी, दात किडलेले नाहीत, झिजलेत," डॉक्टरीण म्हणाली. "वरचं कवच गेलंय, हिरड्याही मागे सरकल्यात. म्हणून गार लागलं की कळ येते." तिने शिवशिवणाऱ्या दातांची पेस्ट लिहून दिली. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, सकाळ-रात्र घासायचं. थुंकायचं, पण लगेच चुळा भरायच्या नाहीत. आणि धागा दाताने तोडणं बंद.

"कधी थांबेल?"

"काही आठवडे लागतील. मध्येच सोडू नका."

सेफेरिनाने एक वेळही चुकवली नाही. गळ्यात दोरीने कात्री अडकवली. पण पेस्टला तिचा वेळ लागतोच. तेवढ्यात ब्लासिदाचं हृदय कमजोर झालं आणि तिची मुलगी तिला आपल्या घरी ब्वेनोस आयरेसला घेऊन गेली. निघताना ब्लासिदाने मला मिठी मारली. बहिणीच्या फाटकाकडे नुसतं पाहिलं आणि गाडीत बसली.

पुढे एकदा सेफेरिना माझ्याकडे आली. "बर्फ टाक," म्हणाली. मी पेला भरला. तिने ओढलं आणि थोडं थांबली.

"नाही लागत गं!" ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. त्याच आठवड्यात ती बसने बहिणीकडे गेली.

ब्लासिदा अंथरुणाला खिळली होती. हृदयामुळे डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजकंच सांगितलं होतं. मुलीने तिला तेरेरेचा एक घोट घेऊ दिला. सेफेरिनाने पेला तिच्या हातून घेतला, नळी तशीच तोंडाला लावली आणि गारेगार पाणी तळापर्यंत ओढलं.

ब्लासिदा बघत राहिली. "म्हणजे... खरंच दातच होते?"

"दातच होते गं."

"आणि मी एवढे दिवस..." तिने भिंतीकडे तोंड वळवलं. सेफेरिना तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली. हे तिनेच मला सांगितलं. काही दिवसांनी ब्लासिदा तिथेच वारली.

आता सेफेरिना माझ्या अंगणात येते. पाळी आली की पिते, बोलत फारसं नाही. परवा रस्त्यात डॉक्टरीण भेटली.

"काय आजी, दात कसे आहेत?"

"बरे आहेत, बाई," सेफेरिना म्हणाली. "अगदी बरे आहेत."